जॅम सेट होतो तो कशामुळे?

संत्र्याचा हंगाम आला की व्हॉट्सॲपवर एक जुना मेसेज नव्याने फिरू लागतो. जॅमच्या बरणीवर ४४० हा आकडा दिसला तर त्यात प्राण्यांच्या हाडांपासून काढलेलं जिलेटिन आहे, मुलांना देऊ नका, शाकाहारी असाल तर हातही लावू नका, आणि हो, दहा जणांना पाठवा. यंदा तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला तो नेमका शेजारच्या काकूंनी घरच्या संत्र्याच्या जॅमचे बार (बिस्किटासारख्या थरावर जॅम लावून भाजलेले तुकडे) सगळ्यांकडे पोहोचवले त्या दिवशी. खाली लगेच प्रश्न: "काकू, तुम्ही घट्ट व्हायला काय टाकलं?"

काकूंनी काही टाकलं नव्हतं. टाकायची गरजच नसते, आणि ती का नसते हे मला गेली कित्येक वर्षं स्वयंपाकघरातलं सगळ्यात देखणं रसायनशास्त्र वाटत आलं आहे.

आधी त्या आकड्याचा निकाल लावू. ४४० म्हणजे पेक्टिन, फळांतलाच घट्ट करणारा पदार्थ. जिलेटिनचा आकडा ४२८, आणि ते घातलेल्या पाकिटावर आपल्याकडे हिरवा ठिपका छापता येत नाही. आकड्यांवर विश्वास नसेल तर नागपूरकराला प्रयोगशाळेत जायचीही गरज नाही, मे महिना पुरतो. जिलेटिनने घट्ट केलेली जेली ३५ अंशांच्या आसपास वितळते. इथे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. (२०२४ च्या मे अखेरीस ५६ अंशांची बातमी देशभर गाजली, ती मात्र बिघडलेल्या सेन्सरची करामत होती. हेडलाइन वाचून घाम पुसण्याआधी एक दिवस थांबावं.) अशा दुपारी फडताळात ठेवलेल्या जॅमच्या बरणीचं सरबत होत नाही. त्यात जिलेटिन असतं तर झालं असतं.

आता पेक्टिनकडे. वनस्पतीच्या पेशींच्या भिंतींमध्ये आणि दोन पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या थरात हा पदार्थ असतो. कच्चा पेरू टणक लागतो त्यात पेक्टिनचा मोठा वाटा आहे. फळ पिकतं तसतसे फळातलेच एन्झाइम त्याचे तुकडे करत जातात आणि फळ मऊ पडतं. म्हणूनच अगदी पिकून गळायला आलेल्या फळांचा जॅम गोड होतो, पण सेट व्हायला कुरकुर करतो. १८२५ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या पदार्थाला नाव दिलं. जगभरात विकलं जाणारं पेक्टिन आज मुख्यतः दोन गोष्टींपासून बनतं: रस काढून उरलेल्या संत्रा-लिंबूवर्गीय साली आणि सफरचंदाचा चोथा. वाळवलेल्या अशा सालीत २० ते ३० टक्के पेक्टिन असतं. म्हणजे ज्या ४४० ला आपण घाबरतो ते आपण रोज संत्रं सोलून कचऱ्याच्या डब्यात टाकत असतो.

पेक्टिनचा रेणू म्हणजे गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल या साखरेच्या नातलगाच्या शेकडो कड्या एकापुढे एक जोडलेली लांब साखळी. या साखळ्या एकमेकींना ठिकठिकाणी चिकटल्या की त्यांचं जाळं होतं, जाळ्यात रस अडकतो, आणि आपण म्हणतो जॅम सेट झाला. अडचण अशी की साध्या फळाच्या रसात त्या चिकटतच नाहीत. याची कारणं दोन.

पहिलं कारण पाणी. पेक्टिनच्या साखळीला पाण्याचे रेणू फार प्रिय, आणि पाण्याला ती. प्रत्येक साखळीभोवती पाण्याच्या रेणूंचा गराडा पडलेला असतो. लग्नाच्या हॉलमध्ये दोन जुन्या मैत्रिणी दोन टोकांना उभ्या आहेत, एकमेकींकडे जायचं आहे, पण दोघींना नातेवाइकांनी घेरलंय. अशात कुणीतरी ओरडतं, "पानं वाढली!" नातेवाईक पंगतीकडे पळतात आणि मैत्रिणी भेटतात. जॅममध्ये पानं वाढण्याचं काम साखर करते. ती पाण्याला स्वतःकडे ओढून घेते, पेक्टिन उघडं पडतं. पण साखर थोडीथोडकी असून भागत नाही. जॅमच्या एकूण वजनात ६५ टक्क्यांच्या आसपास विरघळलेली साखर असेल तेव्हा कुठे काम फत्ते होतं.

दुसरं कारण विद्युतभार. कड्यांवरचे आम्लगट रसात आपला हायड्रोजन आयन सोडून देतात आणि ऋणभारित होतात. दोन्ही साखळ्यांवर ऋणभार, मग त्या एकमेकींना दूर लोटणारच. यावर उपाय आंबटपणा. लिंबू पिळलं की रसात हायड्रोजन आयनांची गर्दी होते, ते परत आम्लगटांवर जाऊन बसतात, भार कमी होतो. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट) ३ च्या जवळपास, साधारण २.८ ते ३.५ या पट्ट्यात, साखळ्यांचं भांडण मिटतं. त्याहून फार आंबट केलं तर जाळं इतकं आवळतं की त्यातून रस बाहेर ठिबकायला लागतो. वरती पाणी सुटलेला जॅम तुम्ही पाहिला असेल, त्याचं एक कारण हे.

आता थोडं आणखी खोलात जाऊ. यातल्या काही आम्लगटांवर निसर्गाने आधीच मिथाइल नावाचे छोटे गट, टोपणासारखे, बसवून ठेवलेले असतात. असे निम्म्याहून जास्त गट झाकलेले असतील तर ते उच्च-मिथॉक्सिल पेक्टिन, निम्म्याहून कमी असतील तर निम्न-मिथॉक्सिल. फळात नैसर्गिकपणे असतं ते बहुतांशी पहिलं. त्यात साखळ्यांना धरून ठेवणारे बंध दोन प्रकारचे: हायड्रोजन बंध, जे उष्णतेने ढिले पडतात, आणि मिथाइल गटांचं पाण्यापासून तोंड लपवून एकमेकांना बिलगणं, जे उष्णता वाढली की काही मर्यादेपर्यंत उलट घट्ट होतं. मे महिन्यात जॅम का टिकतो याचं उत्तर या जोडगोळीत आहे. निम्न-मिथॉक्सिल पेक्टिनची तऱ्हा वेगळी. त्याला साखरेची फारशी पर्वा नसते. उघडे ऋणभारित गट जास्त असल्याने दोन साखळ्यांच्या मधे कॅल्शियमचा आयन येऊन बसतो आणि दोघींना जोडतो.

हे ध्यानात घेतलं की "शुगर-फ्री जॅम घरच्या घरी, फक्त फळ आणि स्टीव्हिया" छापाच्या रील्स कशा फसव्या आहेत ते कळतं. स्टीव्हिया (एका झाडाच्या पानांपासून काढलेला, साखरेऐवजी वापरतात तो पदार्थ) जिभेला गोड लागतं, पण चिमूटभर स्टीव्हिया पाण्याला ओढून घेऊ शकत नाही. जॅममधली साखर चवीपुरती नसते. कमी साखरेचा खरा जॅम करायचा तर कॅल्शियमने सेट होणारं निम्न-मिथॉक्सिल पेक्टिनच आणावं लागतं, आणि ते रीलमध्ये कुणी सांगत नाही.

मग संत्र्याचं काय? नागपुरी संत्र्याच्या पाकळ्यांत पेक्टिन आहे, पण खरा साठा सालीच्या आतल्या पांढऱ्या थरात आणि पाकळ्यांवरच्या शिरांमध्ये. आपलं संत्रं सोलायला सोपं, साल सैल, त्यामुळे हा थर पातळच असतो. म्हणून तो गोळा करायचा, पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधायचा आणि थोडं पाणी व लिंबाचा रस घालून अर्धा-पाऊण तास मंद उकळायचा. आंबट आणि गरम पाण्यात पेशीभिंतीला चिकटून बसलेलं पेक्टिन सुटून विरघळतं. साखर या वेळी अजिबात घालायची नाही. ती पाणी पळवते, आणि पाण्याशिवाय पेक्टिन बाहेर येणार कसं?

बिया मात्र पुरचुंडीत नकोत. संत्र्याच्या बियांत आणि पापुद्र्यांत एक पदार्थ असतो, जो स्वतः कडू नसतो. रस निघाला आणि आंबटपणाशी गाठ पडली की त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि ते कडूजहर. ताज्या संत्र्याचा रस लगेच प्यायला तर गोड, तासाभराने कडसर, हा अनुभव विदर्भात सगळ्यांनाच आहे. जॅम उकळताना हेच काम झपाट्याने होतं. पांढऱ्या थरातही कडवटपणा असतोच, म्हणून पुरचुंडी फार मोठी बांधू नये. ज्यांना तोही नको, त्यांनी जोडीला थोडा अर्धकच्चा पेरू किंवा कवठाचा गर घ्यावा. दोन्हींत पेक्टिन भरपूर. आपल्या आज्या कवठाची जेली करायच्या ती उगाच नव्हे.

पेक्टिन पुरेसं निघालं का हे बघायची एक जुनी युक्ती आहे. गार झालेला चमचाभर अर्क वाटीत घ्या, त्यात दोन-तीन चमचे सर्जिकल स्पिरिट हळूच ओता. एकच सलग गोळा बनला तर उत्तम, बारीक गुठळ्या झाल्या तर आणखी उकळा. हा नमुना चाखू नका, पातेल्यात परत टाकू नका, सरळ बेसिनमध्ये ओता.

जॅम झाला हे कसं ओळखायचं? पुस्तकं सांगतात १०५ अंश. ते समुद्रसपाटीचं गणित. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९९ अंशांना उकळतं, त्यामुळे आपला आकडा १०४ च्या आत. एकतारी, दोनतारी, गोळीबंद पाक ही आपली भाषा म्हणजे याच वाढत्या उत्कलनबिंदूचं बोटांनी केलेलं मोजमाप. पण थर्मामीटर नसेल तर मला वजनकाटा जास्त आवडतो. ५०० ग्रॅम गर घेतला, त्यात साधारण १० टक्के, म्हणजे ५० ग्रॅम घन पदार्थ. ४०० ग्रॅम साखर घातली. एकूण ४५०. हे ६५ टक्के व्हायचे तर सगळं मिळून वजन ६९० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा, आणि तिथे पोहोचलात की गॅस बंद करा. पुढे उकळत राहिलात तर पेक्टिनच्या साखळ्याच तुटायला लागतात.

आता बार. मैदा, थंड लोणी आणि पिठीसाखर बोटांनी चोळून भुगा करायचा. लोण्याने मैद्याचे कण माखले की त्यांना पाणी मिळत नाही, ग्लुटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) ताण धरत नाही आणि बार खुसखुशीत होतो. याबद्दल इतकंच, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. दोन तृतीयांश भुगा ट्रेमध्ये दाबून ओटीजीत (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) १८० अंशांवर फिकट सोनेरी करा आणि जॅम कोमट, वाहता असतानाच त्यावर पसरा. बरणीत सेट झालेला जॅम चमच्याने ढवळून लावला तर आपण विणलेलं जाळं स्वतःच फाडतो. ते पूर्ववत जुळत नाही, रस सुटतो आणि खालचा थर गिच्च होतो.

वर उरलेला भुगा टाकून परत भाजताना जॅम बुडबुडतो, सैल पडतो. ओव्हन १८० वर असला तरी मधला जॅम १०५ च्या फार पुढे जात नाही, कारण पाणी शिल्लक आहे तोवर उष्णता वाफ करण्यात खर्च होते. कडेचं पाणी आधी संपतं. तिथे साखर ८५ टक्क्यांच्या घरात गेली की गोळीबंद पाकाची अवस्था येते, आणि कडेचे तुकडे दाताला चिकटतात. त्यासाठी कडेला बोटभर जागा जॅमविना सोडा. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नका.

राहिला टिकण्याचा प्रश्न. कुणीतरी हमखास सांगतं की पाळीत लोणच्याला-जॅमला शिवलं की बुरशी येते. बुरशीला तुमचं कॅलेंडर माहीत नसतं. तिला हवं असतं मोकळं पाणी, आणि ६५ टक्के साखरेने ते बांधून ठेवलेलं असतं. ओला चमचा बरणीत गेला की पृष्ठभागावर तेवढ्या जागी साखर पातळ होते आणि तिथेच ठिपका उगवतो. चमचा कुणाचा होता याने फरक पडत नाही.

बारमध्ये हेच पाणी वेगळा त्रास देतं. जॅममध्ये बिस्किटापेक्षा मोकळं पाणी कितीतरी जास्त, त्यामुळे ते बंद डब्यातही हळूहळू खालच्या थरात झिरपतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बार मऊ पडतो तो हवेमुळे नव्हे, आतूनच. भाजलेल्या थरावर जॅम लावण्याआधी वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा किंवा कोको बटरचा पातळ हात फिरवला तर पाण्याची वाट बरीच अडते. तूप लावून पाहायचं असेल तर हिवाळ्यात पाहा. मे महिन्यात नागपुरात तूप गोठलेलं राहतच नाही.