बेडूक खरंच उकळत्या पाण्यात बसून राहतो का?

उकळत्या पाण्यात टाकलेला बेडूक टुणकन बाहेर उडी मारतो, पण पाणी हळूहळू तापवलं तर त्याला कळतच नाही आणि तो बसल्या जागी मरतो, अशी ही फॉरवर्ड होणारी गोष्ट. नकळत वाढणाऱ्या त्रासाला इंग्रजीत ‘बॉइलिंग फ्रॉग’ म्हणतात, ते यावरूनच.

पहिला अर्धा भाग आधी तपासू. उकळत्या पाण्यात पडताच बेडकाचे स्नायू भाजतात. तो उडी मारण्याच्या स्थितीतच उरत नाही.

आता हळू तापणारं पाणी. १८६९ मध्ये जर्मनीत असा प्रयोग झाला. त्यात स्वस्थ बसून राहिला तो मेंदू काढलेला बेडूक! धडधाकट बेडूक २५ अंशांच्या आसपासच बेचैन होऊन सुटायची धडपड करू लागला. पुढे १८७२ मध्ये, तापमान फारच संथ वाढवलं तर बेडूक हलत नाही, असा दावा झाला खरा. पण आजचे प्राणिशास्त्रज्ञ तो मान्य करत नाहीत.

पडताळण्यासाठी बेडकाला छळायची गरज नाही. त्याच्या शरीराचं तापमान भोवतालावर ठरतं, म्हणून ऊन चढू लागलं की तो सावलीत किंवा ओलाव्यात सरकतो. ऊनही हळूहळूच चढतं की!

वाक्प्रचार मात्र खुशाल वापरा.