प्लँक्टनचे जीवाश्म आणि बोअर कुठं मारला याचा हिशोब: थोडी पार्श्वभूमी

समुद्रात तरंगणाऱ्या प्लँक्टनच्या जाती डायनोसॉर गेल्यापासून आजपर्यंत वाढतच आल्या, असा चढता ग्राफ बऱ्याच जणांनी कुठं ना कुठं बघितला असेल. तो ग्राफ काही खोटा नाही, पण तो जेवढा प्लँक्टनचा आहे तेवढाच आपण कुठं आणि किती खोदलं याचा पण आहे, आणि हे दोन्ही वेगळं कसं करायचं यावर गेली पन्नास वर्षं भांडणं चालू आहेत.

आता मराठवाड्यात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला, असं कोणी म्हणंल. आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण, समुद्री जीवाश्म औषधाला पण नाही. पण बोअरचं गणित आपल्याइतकं कोणाला कळतं सांगा बरं? एका शेतात तीनशे फुटाला पाणी, बांधाच्या पलीकडं सहाशेला फुफाटा, आणि जिथं कोणी मशीनच लावली नाही तिथलं कोणालाच काही माहीत नाही. किल्लारीचंच बघा, १९९३ च्या भूकंपानंतर तिथं खोल बोअर घेतला तेव्हा कुठं समजलं की लाव्ह्याचा थर ३३८ मीटर आहे आणि त्याच्या खाली थोडासा गाळाचा थर लागून मग जुना खडक येतो. एका भोकातून एवढं कळलं, पण ते त्या भोकाचं. समुद्राच्या तळाचं पण अगदी असंच आहे, फक्त तिथं एक बोअर म्हंजे काही हजार मीटर पाण्याच्या खाली पाइप सोडायचा.

सुरुवात मात्र खोदण्यापासून नाही, खरवडण्यापासून झाली. ब्रिटिशांचं चॅलेंजर जहाज १८७२ ते १८७६ जगभर फिरलं, ३६२ ठिकाणी थांबून तळाचा चिखल वर काढला. त्या मालावर हेकेलनी १८८७ मध्ये रेडिओलॅरियाचा (सिलिकाचा, म्हंजे काचेसारखा सांगाडा करणारे एकपेशी प्लँक्टन) जो ग्रंथ काढला त्यात साडेतीन हजारांच्या आसपास नव्या जाती होत्या, ब्रॅडींनी १८८४ ला फोरामिनिफेराचा (चुन्याचं कवच करणारे एकपेशी जीव, थोडक्यात फोराम) काढला. (हेकेलची चित्रं आजपण लोक फ्रेम करून भिंतीला लावतात, ती वेगळी गोष्ट.) यातून एक मोठी गोष्ट कळली, की तळावर काय उरतं ते वर काय जगतं त्यापेक्षा वेगळं असू शकतं. खोल गेलं की चुन्याची कवचं विरघळतात, साधारण चार ते पाच किलोमीटरच्या खाली बहुतेक ठिकाणी चुना टिकतच नाही, नुसती लाल माती उरते. म्हंजे वर पाण्यात फोरामांची गर्दी असली तरी खाली हजेरी शून्य.

आणि हे चुन्यावाल्यांचं झालं. डायटम, म्हंजे एकपेशी शेवाळं, त्यांची कवचं सिलिकाची, पण त्यातला फार थोडा भाग गाळापर्यंत टिकतो, बाकी पाण्यातच विरतो. अकँथेरिया नावाचे जीव तर स्ट्रॉन्शियम सल्फेटचा सांगाडा करतात, ते मेले की सांगाडा समुद्राच्या पाण्यात साखरेसारखा गायब, त्यामुळं त्यांचं जीवाश्म रेकॉर्ड जवळपास नाहीच. कोपेपॉड, म्हंजे कोळंबीच्या जातकुळीतले बारके जीव, जे आजच्या समुद्रात जिकडं तिकडं आहेत, त्यांचं पण खडकात नाव काढायला काही नाही. म्हणून प्लँक्टनचा इतिहास असं आपण म्हणतो तेव्हा तो खरंतर कवचवाल्या चार-पाच गटांचा इतिहास असतो.

डार्विननी १८५९ लाच रेकॉर्ड किती अपुरं आहे यावर एक आख्खं प्रकरण लिहून ठेवलं होतं, पण ते सगळे कबूल करायचे आणि पुढं जायचे. हे आकड्यात पकडलं जीवाश्मतज्ज्ञ डेव्हिड राऊप यांनी. १९७२ मध्ये त्यांनी दाखवलं की जुन्या काळातले खडक कमी उरलेत, नव्या काळातले जास्त, त्यामुळं जाती वाढल्या असं दिसण्यात खडकांचाच मोठा हात असू शकतो. पुढं १९७९ ला त्यांनी आणखी एक मुद्दा जोडला, आजचे जिवंत जीव आपल्याला चांगले माहीत असतात म्हणून एखादी जात एकदा जुन्या थरात सापडली की मधल्या काळात कुठं नाही सापडली तरी तिथं ती होतीच असं धरलं जातं, आणि असं करता करता आजच्या जवळचा काळ आपोआप गर्दीचा दिसायला लागतो.

दुसरीकडं खोल समुद्रात खरंखुरं खोदणं सुरू झालं ते १९६८ ला, ग्लोमार चॅलेंजर जहाजानं. १९८५ पासून जॉइड्स रेझोल्यूशन आलं. यामुळं प्लँक्टनवाल्यांची चांदी झाली, कारण जमिनीवरच्या खडकांसारखं तुटक नाही, सलग कोअर (पाइपातून वर येणारा गाळाचा लांब दंडगोल) मिळायला लागले. बऱ्याच लोकांना तेव्हा वाटायचं की सॅम्पलिंगची कटकट ती डायनोसॉरवाल्यांची, आपलं रेकॉर्ड एक नंबर. तिथंच गंमत आहे, कारण समुद्राचा तळ स्वतःच म्हातारा होत नाही, तो पुढं सरकत सरकत दुसऱ्या प्लेटखाली जातो, आज उरलेला सगळ्यात जुना मोठा तळ साधारण १८ कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हंजे जेवढं मागं जाल तेवढी खोदायला जागाच कमी. त्यात वरचा गाळ मऊ आणि सोपा, खालचा कडक, ड्रिलिंग अर्ध्यात थांबलं की जुने थर हातचे जातात, म्हणून नव्या काळाचे नमुने ढीगभर आणि जुन्याचे मोजके.

लॅबमधला भाग पण सांगितला पाहिजे, कारण अर्धा घोळ तिथं होतो. कोअरचा तुकडा पाण्यात भिजवायचा, चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, मग काळ्या ट्रेवर थोडी पावडर पसरून मायक्रोस्कोपखाली ओल्या बारीक ब्रशच्या टोकानं एकेक कवच उचलायचं, साधारण तीनशे मोजून झाले की थांबायचं असा रिवाज. आता चाळणी कितीची? १९७० च्या दशकात हिमयुगाच्या समुद्राचा नकाशा करणाऱ्या क्लायमॅप प्रकल्पानं १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हंजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे धरले, तीच सवय बऱ्याच जणांना लागली, दुसरे लोक ६३ वर धुतात. मग पहिल्याच्या यादीत बारक्या जाती कमी आणि दुसऱ्याच्या यादीत दिसतात, समुद्र तोच, फक्त चाळणी बदलली. आणि कोकोलिथ, म्हंजे बारक्या शेवाळांच्या अंगावरच्या चुन्याच्या चकत्या, त्या तर काही मायक्रॉनच्याच, त्या या दोन्ही चाळणीतून खाली नालीत जातात, त्यांना वेगळी स्लाइड करावी लागते.

सगळ्यात कडू भांडण मात्र डायनोसॉरच्या अंताच्या वेळचं, आणि त्यात आपला दख्खनचा लाव्हा पण ओढला जातो, कारण तो अंत या लाव्ह्यामुळं झाला का असा वाद आहे. १९८२ मध्ये सिग्नर आणि लिप्स यांनी दाखवलं की जाती एका झटक्यात मेल्या तरी, दुर्मिळ जातींचा शेवटचा नमुना हाताला लागणं अवघड असल्यानं, खडकात त्या हळूहळू गेल्यासारख्या दिसतात. ट्युनिशियातल्या एल केफच्या थरांवर फोराम एकदम गेले की टप्प्याटप्प्यानं, यावर लोक इतके अडून बसले की शेवटी नंबर टाकलेले नमुने चार जणांना न सांगता वाटले, निकाल १९९७ मध्ये छापून आले, आणि तरी दोन्ही बाजू म्हणायच्या बघा आमचंच खरं. माझं मत विचाराल तर नुसत्या मोजणीनं हे मिटणारं नव्हतंच, कारण प्रश्न न सापडलेल्यांचा होता.

यातलाच एक धागा गोदावरीच्या मुखाशी. पैठण, नांदेड करत नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडं अलीकडं, राजमुंद्रीजवळ दोन लाव्ह्यांच्या मधे समुद्री गाळाचा थर आहे, मुख्य दख्खन लाव्ह्यापासून शेकडो किलोमीटर लांब, पण रसायन सह्याद्रीच्या वरच्या थरांशी जुळणारं. हिस्लॉप साहेबांनी १८६० मध्येच नागपूर आणि राजमुंद्रीकडचे शंख एका निबंधात मांडले होते. गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिथल्या खाणींत त्या थरात सुरुवातीच्या डॅनियन काळातले (म्हंजे डायनोसॉर गेल्यानंतर लगेचचा काळ) प्लँक्टन फोराम दाखवले, म्हंजे खालचा लाव्हा त्या महाविनाशाच्या जवळपासचा ठरतो. सगळ्या मराठवाड्यात समुद्री फोरामाचा असा एक थर नाही, म्हणून अख्ख्या दख्खनच्या वेळेचा समुद्री पुरावा काठावरच्या थोड्या खाणींवर आणि तेलाच्या विहिरींवर टेकून आहे. हा पण सॅम्पलिंगचाच प्रश्न, फक्त आपल्या घरचा.

मग २००९ ला राबोस्की आणि सोरहॅनस यांनी डायटमांवर बॉम्बच टाकला. सॅम्पलिंगची दुरुस्ती केल्यावर सतत चढत जाणारा ग्राफ राहतच नाही, विविधतेचं शिखर साधारण ३.४ कोटी वर्षांपूर्वी, इओसीन आणि ऑलिगोसीन या दोन भूकाळांच्या सीमेवर दिसतं, असं त्यांचं म्हणणं. जमिनीवर गवताळ कुरणं पसरली म्हणून समुद्रात सिलिका गेली आणि डायटम वाढले, या लाडक्या कथेला त्यानं चांगलाच धक्का बसला. २०१४ ला लाझारस वगैरेंनी उलट दाखवलं की नंतरच्या काळात डायटम वाढलेच, आणि ते हवामानाशी जुळतं. मधे २०१२ ला ग्रॅम लॉइड आणि मंडळींनी फोरामांचं जमिनीवरचं आणि खोल समुद्रातलं रेकॉर्ड वेगवेगळं ठेवून तुलना केली. मला तरी हीच वाट बरी वाटते, एका ठिकाणचा दोष दुसऱ्या ठिकाणी तसाच असेल असं नाही, मग दोन्हीकडं सारखं दिसतं त्यावर जरा जास्त भरोसा.

२०२१ मध्ये ट्रायटन नावाचा डेटाबेस आला, त्यात प्लँक्टन फोरामांच्या पाच लाखांवर नोंदी. पण नोंदी वाढल्या म्हंजे भोकं सगळीकडं पडली असं होत नाही. हिंदी महासागरात १९७२ ला आणि १९८७-८८ ला बरीच ड्रिलिंग झाली, मग लांब खंड, आणि बंगालच्या उपसागरात २०१४-१५, अरबी समुद्रात लक्ष्मी बेसिनमध्ये २०१५. जॉइड्स रेझोल्यूशनचं काम २०२४ ला बंद झालं, त्यामुळं नवे बोअर पडायची गती मंदावणार. तोवर जुनेच कोअर परत उघडून बघायचे, आणि हिंदी महासागराचे ते कोअर ठेवलेत कोचीला, केरळच्या नाही बरं का, जपानमधल्या, तिथं अर्ज केला की नमुना मिळतो.