५६ अंशांचं नागपूर आणि हवामान खात्यावरचे विनोद : पार्श्वभूमी

३० मे २०२४ च्या दुपारी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं. हे केंद्र रामदासपेठेला लागून असलेल्या मोकळ्या शेतजमिनीवर आहे. सोनेगावला विमानतळाजवळच्या प्रादेशिक हवामान केंद्रातल्या स्वयंचलित केंद्राने ५४ दाखवलं. वर्धा रोडवर खापरीच्या शेतातल्या केंद्रावर मात्र पारा ४४ च्या आसपास होता. ५६ चा स्क्रीनशॉट काही तासांत गावभर झाला, पाठोपाठ मीम आले, बातम्यांचे मथळे आले. सेन्सर बिघडल्याचा खुलासा आला, पण तो त्यातल्या किती जणांपर्यंत पोचला असेल? लोकांच्या डोक्यात दोनच गोष्टी राहिल्या: नागपुरात ५६ झाले होते, आणि खात्याला साधं तापमानही मोजता येत नाही. यातली पहिली चुकीची आहे. दुसरी का चिकटली, त्यामागे बरीच जुनी सवय आहे.

खातं १८७५ चं. पावसाळ्याचा पहिला अंदाज १८८६ साली हिमालयातल्या बर्फावरून दिला गेला. तेव्हा तो सामान्य घरात पोचतच नव्हता, त्यामुळे त्यावर विनोदही नव्हते. विनोद सुरू झाले ते अंदाज रेडिओवर आणि पेपरात रोज यायला लागल्यावर. ‘खात्याने पाऊस सांगितलाय ना, मग छत्री राहू दे घरी’ हे वाक्य दोन-तीन पिढ्यांनी ऐकलेलं आहे.

त्या काळी अंदाज असायचा अख्ख्या विदर्भासाठी. आजच्या अकरा जिल्ह्यांना मिळून एकच ओळ: ‘विदर्भात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता.’ खात्याच्या हिशेबात ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवर. ‘बहुतांश’ म्हणजे पाऊणच्या वर. पेपरात जागा कमी, म्हणून मथळा व्हायचा ‘विदर्भात आज पाऊस’. गोंदियाला सर आली, सीताबर्डीवर कडक ऊन पडलं, तर अंदाज बरोबर होता आणि नागपूरकराच्या लेखी तो साफ चुकला. भर म्हणून दिवसाचा हिशेबही वेगळा. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारी दुपारी पडलेला पाऊस बुधवारी सकाळच्या मोजणीत बुधवारच्या तारखेवर चढतो. २.५ मिलिमीटरपेक्षा कमी पडला तर तो ‘पावसाचा दिवस’ धरलाच जात नाही. हे तपशील छापले गेले असते तर निम्मी थट्टा जागच्या जागी थांबली असती.

खरी मोठी चूक २००२ ची. त्या वर्षी पावसाळा सर्वसाधारण राहील असा अंदाज होता. देशात सरासरीच्या ८१ टक्केच पडला आणि जुलैत तर सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. १९८८ पासून वापरातलं सोळा घटकांचं सूत्र त्यानंतर बाजूला ठेवलं गेलं आणि २००३ पासून दोन टप्प्यांचे अंदाज सुरू झाले. पुढे २००९ लाही अंदाज बराच चुकला, पाऊस ७८ टक्क्यांवर थांबला. जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी चुकीच्या अंदाजाबद्दल थेट पोलिसांत तक्रार दिली. त्या बातम्या गमतीचा विषय म्हणून चालल्या. तक्रारीत गंमत काहीच नव्हती. बियाण्याचा पैसा गेला होता. पण हंगामाचा अंदाज वेगळा आणि दोन दिवसांचा वेगळा, एकावरून दुसऱ्याची पत ठरवू नये, हे सांगायची ती संधी होती आणि माध्यमांनी ती घालवली. २००८ पासून जिल्हावार कृषी सल्ला सुरू झाला, अल्प मुदतीचे अंदाज बरेच सुधारले. विनोद होता तिथेच राहिला.

नागपूरला उपहास नवा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून मारबत निघते, ही प्रथा १८८० च्या दशकापासूनची. रोगराई, खोकला घेऊन जा, अशी हाक देत पुतळे नेतात आणि सोबतचे बडगे, म्हणजे उपहासाचे पुतळे, त्या वर्षीच्या कारभारावर टीका करतात. बडग्यावर पाटी असते आणि राग नेमका कशावर, ते त्यावर लिहिलेलं असतं. खात्यावरच्या विनोदात ना तारीख असते, ना ठिकाण, ना अंदाजाचा मजकूर. म्हणून तो तपासता येत नाही आणि म्हणूनच टिकतो.

दुसरीकडे तपासलं न जाणारं भाकीत दरवर्षी सन्मानाने छापून येतं. अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी होते. पाऊस, पीक, राजकारण, सगळं सांगितलं जातं आणि त्याची ठळक बातमी होते. परंपरा म्हणून तिची नोंद घ्यायलाच हवी. पण सप्टेंबर संपल्यावर त्यातलं काय जुळलं याची बातमी सहसा कोणी करत नाही. २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो, तेव्हा पंचांगातले नऊ दिवस आणि खात्याचा पुढच्या काही दिवसांचा अंदाज एकाच चौकटीत शेजारी-शेजारी येतात. वाचकाला दोन्ही सारखेच वाटणार. चुकल्यावर हसं मात्र त्याचंच होतं, जो रोज आपले आकडे उघड्यावर ठेवतो.

उष्णतेच्या लाटेचा निकष हाही असाच गैरसमजाचा विषय. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० असेल आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर लाट, त्याहून जास्त फरक असेल तर तीव्र लाट. किंवा फरक न पाहता थेट ४५ ला लाट आणि ४७ ला तीव्र लाट. विभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं झालं की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. नागपूरची मे अखेरची सरासरीच ४३ च्या आसपास. फरकाच्या निकषाने इथे लाट यायला ४७.५ लागतील, म्हणून इथे मुख्यतः ४५ ची रेषा लागू पडते. पुण्यात ४२ ला लाट येते आणि नागपुरात ४४.८ ला येत नाही. यावर ‘आमचा उन्हाळा यांना दिसत नाही’ छापाचे भरपूर विनोद आहेत. निकष समजावणाऱ्या बातम्या त्यामानाने फार थोड्या.

आता ५६ कडे येऊ.

अधिकृत तापमान मोजतात ते सावलीतल्या हवेचं. पांढरी, झडपांची लाकडी पेटी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, खाली गवत, दार उत्तरेला, म्हणजे उघडताना ऊन तापमापीवर पडत नाही. आत पाऱ्याची तापमापी आणि वाचायला माणूस. स्वयंचलित केंद्रात पेटीच्या जागी एकावर एक रचलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या असतात, आत इलेक्ट्रॉनिक सेन्सर, वर सौर पॅनेल आणि बॅटरी. नोंद ठरावीक मिनिटांनी आपोआप संकेतस्थळावर जाते. मधे माणूस नाही, हाच फायदा आणि हीच अडचण.

अशा केंद्रात चूक कुठे शिरते? थाळ्या धुळीने मळल्या किंवा उन्हाने पिवळ्या पडल्या की ऊन परतवणं कमी होतं. खालचं गवत जाऊन काळी माती उघडी पडते. वारा पडला की थाळ्यांमधली हवा कोंडते. या सगळ्याने आकडा एक ते तीन अंशांनी चढतो. बारा अंशांची चूक वेगळ्या जातीची, ती बहुधा विजेच्या जोडणीत असते. प्लॅटिनमच्या सेन्सरचं उदाहरण घ्या. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम, पुढे दर अंशाला साधारण ०.३९ ओहम वाढतो. दोन तारांच्या जोडणीत सांध्यावर गंज चढला आणि साडेचार ओहमची भर पडली, की यंत्र ४४ ला ५६ वाचतं. चार तारांची जोडणी असेल तर तारेचा आणि सांध्याचा रोध मोजणीत येत नाही.

आदल्याच दिवशी, २९ मे रोजी, दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ दाखवले होते. तपासणीत तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत असल्याचं आढळलं. तीन अंशांची चूक नक्की करायला माणसाला प्रमाणित तापमापी घेऊन केंद्रावर जावंच लागतं, कारण ती वजा केल्यावर उरणारा जवळजवळ ५० हा आकडा उन्हाळ्यात अशक्य नाही. नागपूरची चूक खुर्चीतून न उठता पकडता येत होती. सोनेगावच्या वेधशाळेची आजवरची कमाल नोंद मे २०१३ मधली ४७.९. देशाचा उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ रोजीचा ५१. जगाचा उच्चांक, १९१३ मधला अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, ५६.७. शहराचा विक्रम एका दुपारी आठ अंशांनी मोडतो आणि काही किलोमीटरवर ४४ असतात, हे हवेच्या स्वभावात बसत नाही.

वादाचा मुद्दा इथे आहे: न तपासलेली नोंद लोकांना लगेच दाखवावी का? दाखवावी म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. सप्टेंबर २०२३ च्या पुराच्या रात्री काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडला. अशा वेळी तपासणीसाठी थांबलेला आकडा निरुपयोगी असतो. शिवाय माहिती दाबली असा संशय येतो, तो वेगळाच. दाखवू नये म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की सरकारी चिन्हाखाली आलेला आकडा वाचकासाठी अधिकृतच असतो. माझं मत पहिल्या बाजूने आहे, पण अटीसह. शेजारच्या केंद्राशी तुलना, स्थानिक उच्चांकाची मर्यादा आणि तासाभरात किती चढ-उतार शक्य आहे, या तीन चाळण्या संगणक क्षणात लावू शकतो. त्यांत अडकलेली नोंद ‘कच्ची, तपासणी बाकी’ अशी लाल पट्टी लावून दाखवावी. ही पट्टी स्क्रीनशॉटमध्येही येते, खुलासा येत नाही.

वाहिन्यांचाही यात वाटा आहे. रस्त्यावर अंडं फोडून दाखवणं हा मे महिन्यातला ठरलेला कार्यक्रम. अंड्यातला पांढरा भाग साठ अंशांच्या थोडं वर घट्ट व्हायला लागतो आणि डांबराचा पृष्ठभाग दुपारी तिथपर्यंत तापू शकतो. ते डांबराचं तापमान, हवेचं नव्हे. गाडीच्या डॅशबोर्डवर दिसणारे ५० अंशही रस्त्याची आणि इंजिनाची धग मिसळलेले असतात. ही छायाचित्रं पुराव्यासारखी फिरली की सोनेगाव वेधशाळेचे ४५ लोकांना लपवाछपवी वाटतात.

याची झळ बसते ती इशाऱ्यांना. नागपुरात २०१६ पासून उष्माघात प्रतिबंधक कृती आराखडा आहे; पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे त्याला जोडलेले आहेत आणि त्यावर दवाखान्यातले कूलर लागलेले वॉर्ड, कामाच्या वेळा, पाणपोया ठरतात. ‘आम्हा नागपूरकरांना ४५ म्हणजे काहीच नाही’ हा अभिमानाचा विनोद कूलरसमोर बसून करता येतो. दुपारी बारा ते चार हातगाडी ओढणाऱ्याला किंवा स्लॅबवर काम करणाऱ्याला तो परवडत नाही. ४३ वर लाट जाहीर नसतानाही त्याला उष्माघात होऊ शकतो, विशेषतः रात्रीचा पारा ३० च्या खाली उतरलेला नसेल तर.

बातमी करणाऱ्यासाठी तपासणी फार मोठी नाही. दिवसाचं अधिकृत कमाल तापमान संध्याकाळी साडेपाचच्या नोंदीत येतं. त्याआधीचा दुपारचा आकडा कच्चा धरावा. आकडा ४८ च्या वर असेल तर सोनेगावच्या वेधशाळेत माणसाने वाचलेली नोंद आणि वर्धा, चंद्रपूरची नोंद शेजारी ठेवून पाहावी. फरक चार-पाच अंशांहून जास्त निघाला तर मथळा थांबवून प्रादेशिक हवामान केंद्राला फोन करावा. बातमीत केंद्राचं ठिकाण, वेळ आणि ते स्वयंचलित आहे की माणसाने वाचलेलं, एवढं लिहावं. आणि दुरुस्ती छापायची झाली तर ती त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत.