आत्मविश्वासाला पुरावा लागतो का

आत्मविश्वास म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला जमेल हा भरवसा. हा भरवसा कशाच्या तरी जोरावर असावा लागतो का, की नुसता असला तरी पुरे, हा वाद बराच जुना आहे. आपल्याकडे बिनबुडाच्या भरवशाला सरळ फाजील आत्मविश्वास म्हणतात.

इंग्लिश गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं. जहाज जुनं, दुरुस्तीला आलेलं, पण मालक स्वतःची समजूत घालतो की एवढ्या फेऱ्या झाल्यात, हीपण होईल, आणि अगदी मनापासून माणसं पाठवतो, ती बुडतात. क्लिफर्डचं म्हणणं असं की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी मालक दोषीच, कारण तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. याला अमेरिकन विचारवंत विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये उत्तर दिलं. त्यांच्या लेखनात एक गिर्यारोहक येतो, जो अशा जागी अडकलाय की भली मोठी उडी मारल्याशिवाय सुटका नाही आणि अशी उडी त्याने आधी कधी मारलेली नाही. जमेल असं वाटलं तर पाय घट्ट पडेल, शंका आली तर घसरेल, म्हणजे इथे विश्वास आधी आणि पुरावा मागाहून.

मला दोघंही पटतात, पण जहाजात जीव दुसऱ्यांचा होता आणि उडीत स्वतःचा, हा फरक मोठा आहे.

मानसशास्त्रात यावर सगळ्यात ठोस काम अल्बर्ट बांडुरा यांचं. सापाला प्रचंड घाबरणाऱ्या लोकांना ते 'तू करशील रे' एवढंच सांगून सोडत नसत. आधी शिकवणारा स्वतः साप हातात घ्यायचा, मग घाबरणाऱ्याने हातमोजा घालून नुसतं बोट लावायचं, मग मोजा काढून, मग हळूहळू साप स्वतः धरायचा. १९७७ च्या लेखात त्यांनी भरवशाचे चार स्रोत मांडले: स्वतः करून बघणं, आपल्यासारख्याला करताना बघणं, कुणीतरी धीर देणं आणि शरीराची अवस्था, म्हणजे धडधड, थरथर वगैरे. यात स्वतः करून बघणं सगळ्यात भक्कम.

नुसता स्वाभिमान वाढवला की मुलं हुशार होतील अशीही एक लाट अमेरिकेत येऊन गेली, कॅलिफोर्नियाने १९८६ मध्ये त्यासाठी सरकारी समितीच नेमली. २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं तर दोन्हींचा संबंध बेताचाच निघाला, आणि तोही काही अंशी उलटा, म्हणजे चांगले मार्क पडले की स्वाभिमान वाढतो.

आपल्याकडे पाण्यात पडलं की पोहता येतं असं म्हणतात, पण गावाकडे विहिरीत पोरं शिकवणारे तसं करत नाहीत. पाठीला रिकामा डबा बांधतात, पायऱ्यांवर मोठं माणूस उभं असतं, आधी मोठा भाऊ उडी मारून दाखवतो. चार दिवस हातपाय मारून पोरगं तरंगायला लागलं की मगच डबा सोडतात. डब्याशिवायच्या पहिल्या उडीचा पुरावा अजून कुणाकडेच नसतो, पण आधीच्या चार दिवसांचा असतो.