लहान लेकरांचे क्लास : मराठवाड्यात हे लोण आले कुठून?

पहिली-दुसरीतल्या लेकराला क्लास लावायचा का, आणि लावायचा तर कशाचा, हा प्रश्न मराठवाड्यात दोन पिढ्यांपूर्वी कुणाला पडत नव्हता. गावात शाळा आहे का, असली तर कितवीपर्यंत, एवढीच चौकशी असे. आता अबॅकस, फोनिक्स (म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचणे), वैदिक गणित, हस्ताक्षर, नवोदयची तयारी अशा पाट्या तालुक्याच्या गावीही दिसतात. यातल्या बऱ्याच पाट्यांचे मूळ बालवाडीत नाही, बारावीच्या निकालात आहे.

पण सुरुवात त्याच्याही मागे करावी लागते. मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि तिथे वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ला हैदराबादेत निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे आणि ती सहज मिळत नसे. तरीही १९२१मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली, पुढे मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरीची शाळा चालली. दोन्हीकडे स्वामी रामानंद तीर्थांनी, म्हणजे पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणाऱ्यांनी, मुलांना शिकवले. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाचे राज्य गेले, १९५०ला औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांनी उभारलेले मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि १९५८ला मराठवाडा विद्यापीठ आले. मुंबई विद्यापीठ १८५७चे. हे एकशे एक वर्षांचे अंतर डोळ्यांपुढे ठेवले, तर इथल्या आईबापांच्या घाईला नुसती हौस म्हणता येत नाही. कोरडवाहू रानावर भागत नाही, पोरगं शिकलं तरच सुटेल, हा हिशेब घराघरांत होता.

त्या हिशेबाला रीत दिली लातूरने. दयानंद महाविद्यालय १९६१चे, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७०चे. पुढे ज्याला ‘लातूर पॅटर्न’ म्हणू लागले त्यात जादू काही नव्हती. अभ्यासक्रम लवकर उरकायचा, मग चाचणीमागून चाचणी घ्यायची, तपासलेला पेपर पोराच्या पुढ्यात ठेवून चुका दाखवायच्या आणि पुन्हा लिहून घ्यायचे. सुट्टीतही तास चालत. हे सगळे कॉलेजच्या आत, कॉलेजचेच प्राध्यापक करत होते, हे आज अनेकांना सांगूनही पटत नाही. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली, बाहेरगावची पोरे येऊ लागली आणि शहरात ‘ट्यूशन एरिया’ नावाचा भागच तयार झाला. वैद्यकीय प्रवेशात ७०:३० हे विभागवार सूत्र होते, म्हणजे महाविद्यालय ज्या विभागात तिथल्या मुलांना ७० टक्के जागा, बाकी राज्याला ३०. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालये थोडी, त्यामुळे इथल्या पोरांना त्याचा जाच वाटे. ते २०२०मध्ये रद्द झाले, पण तोवर चुरस अंगवळणी पडली होती. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची देशव्यापी परीक्षा आल्यावर तर ती देशभराशी जोडली गेली. बाप गावी शेत बघतो, आई लातुरात किंवा नांदेडात खोली करून पोराला रांधून घालते, असे संसार आता कुणाला नवे वाटत नाहीत.

हीच रीत खाली उतरली. अकरावीला धावायचे तर आठवीपासून ‘फाउंडेशन’ हवे आणि आठवीसाठी पाचवी पक्की हवी. पाचवीत आधीच एक दार होते. १९८६च्या शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालये, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळा, आली. मराठवाड्यात तुळजापूर, गढी, शंकरनगर अशा ठिकाणी ती आहेत. सहावीला साधारण ऐंशी जागा, निदान ७५ टक्के ग्रामीण मुलांना, राहणे-जेवण-शिक्षण मोफत. परीक्षेत ऐंशी प्रश्न, शंभर गुण, दोन तास. निम्मे गुण बुद्धिमत्तेच्या प्रश्नांना, म्हणजे वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा निवडा असल्या प्रश्नांना. बाकीचे अंकगणिताला आणि भाषेला. आणि संधी एकदाच, दुसऱ्यांदा बसता येत नाही. दहा-अकरा वर्षांच्या लेकराला ‘एकदाच’ म्हटले की घरचे तिसरीपासूनच कामाला लागतात. शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीला होती, ती मध्यंतरी काही वर्षे पाचवी-आठवीवर नेली होती. तेव्हा नवोदय आणि शिष्यवृत्ती एकाच वर्षात आल्या आणि दोन्हींची तयारी एकाच छपराखाली विकता येऊ लागली.

इंग्रजीची गोष्ट थोडक्यात सांगता येते. २०००च्या जूनपासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. आईबापांना स्वतःला ते पहिलीपासून नव्हते, मग घरी अभ्यास घेणार कोण? म्हणून क्लास.

अबॅकसचा धंदा मात्र बाहेरून आला, आग्नेय आशियातून, नव्वदीच्या अखेरीस. अबॅकस म्हणजे हिशेबाची मण्यांची चौकट. तिच्या प्रत्येक दांडीवर वर पाचाचा एक मणी, खाली एकेकाचे चार. मुले आधी बोटांनी मणी सरकवतात, मग मणी नसतानाही बोटे हवेत हलवून बेरजा करतात. बघायला मौज वाटते. पण पावकी, निमकी, दिडकी, औटकी म्हणणारी आपली आजोबामंडळी बाजारात तोंडी हिशेब करतच होती की! ते पाढे शाळेतून गेले आणि त्यांच्या रिकाम्या जागी फी भरून काहीतरी आले, असे मला वाटते.

छंदाच्या क्लासची परंपरा निराळी आहे. तिच्यावर बारावीची सावली नाही. पंडित नाथराव नेरळकरांनी नांदेडला आणि पुढे औरंगाबादला गाणे शिकवले. धाराशिवच्या मैदानावर खो-खो खेळत सारिका काळे भारताच्या कर्णधार झाल्या, २०२०ला अर्जुन पुरस्कार मिळाला. सात वर्षांच्या लेकरासाठी निवडायचेच झाले तर मी आधी मैदान निवडीन.

राहिले शिकवणारे. दोन हजारनंतर डी.एड.ची, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेची, कॉलेजे गावोगाव निघाली. २०१२पासून शिक्षक भरती बरीच वर्षे थांबली आणि २०१३ला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. पदविका हातात घेऊन बसलेल्या कितीतरी मुलामुलींनी घरातल्या समोरच्या खोलीत सतरंजी अंथरली. छोट्यांच्या शिकवण्या अशाच वाढल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमाने शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई आहे, यांना ती लागू नाही. जानेवारी २०२४मध्ये केंद्राने सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण त्यांत कोचिंग सेंटर म्हणजे पन्नासहून जास्त विद्यार्थ्यांचे, आणि खेळ-नृत्य-नाटक त्यातून वगळलेले. वीस लेकरांची सतरंजीवरची शिकवणी त्यात बसतच नाही. तिथे कोण शिकवते आणि काय शिकवते, हे दारात उभे राहून आईबापांनीच बघायचे.