फ्रीजच्या दारातलं पाणी तिसऱ्या पेल्याला कोमट का होतं?

उन्हाळ्यात घरी चार पाहुणे आले की फ्रीजच्या दारातल्या पाण्याच्या नळाची परीक्षा असते. पहिले दोन पेले गार येतात, तिसरा जरा कमी, चौथा कोमट. मग कुणीतरी म्हणतं, गॅस कमी झालाय, मेकॅनिकला बोलवा. बहुतेक वेळा गॅस जागच्या जागी असतो. फ्रीज हे यंत्र मुळात गार गोष्ट गार ठेवण्यासाठी बनवलेलं आहे. गरम गोष्ट झटपट गार करण्यात ते फार मंद असतं.

हिशेबच करून पाहू. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने थंड करायला सुमारे 4.2 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. रोजच्या वापरातल्या पदार्थांत पाण्याइतकी उष्णता धरून ठेवणारे फारच थोडे. दोन लिटर पाणी 32 अंशांवरून 7 अंशांवर आणायचं म्हणजे साधारण 210 किलोज्यूल. घरगुती फ्रीजचं यंत्र सेकंदाला दीडशे ज्यूलच्या आसपास उष्णता बाहेर फेकतं असं धरलं, तर पंचवीस मिनिटांत काम व्हायला हवं. प्रत्यक्षात लागतात चार-पाच तास.

अडतं ते हवेपाशी. फ्रीजचं थंड यंत्र आणि आपलं पाणी यांच्यामध्ये हवा असते, आणि हवा उष्णता वाहून न्यायला अगदी नालायक. बाटलीला चिकटलेला जवळजवळ स्थिर हवेचा पातळ थर गोधडीसारखं काम करतो, आतली ऊब सहजी बाहेर जाऊ देत नाही. लिटरच्या बाटलीतून सुरुवातीला, म्हणजे पाणी 32 अंशांवर आणि फ्रीज 4 अंशांवर असताना, जेमतेम पंधरा वॅट, म्हणजे सेकंदाला पंधरा ज्यूल, उष्णता बाहेर पडते. पाणी गार होत जातं तशी तीही कमी होते. ढोबळमानाने दर दीड तासाला पाणी आणि फ्रीज यांच्या तापमानातला फरक निम्मा होतो: 32 वरून 18, मग 11, मग साडेसात. शेवटचे साडेतीन अंश उतरायला पहिल्या चौदा अंशांइतकाच वेळ लागतो.

यातून एक गोष्ट निघते जी अनेकांना पटत नाही. स्टीलच्या बाटलीत पाणी लवकर गार होतं, हा समज खरा नाही. प्लास्टिकची पातळ भिंत जो अडथळा करते, त्याच्या सुमारे पन्नास पट अडथळा बाहेरच्या हवेचा असतो. भिंत धातूची केली तरी तो अडथळा तसाच राहतो, त्यामुळे फरक नावापुरता. आकाराने मात्र फरक पडतो. तेवढंच पाणी चपट्या बाटलीत भरलं तर हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो. आणि हवा हलती असली तर आणखी बरं, म्हणून पंखा असलेल्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये हवा सुटते त्या जाळीसमोरची बाटली आधी गार होते.

आता दारातल्या टाकीकडे या. आपल्याकडे बहुतेक डिस्पेन्सर हाताने भरायचे असतात. टाकी बसवलेली असते दारात, म्हणजे फ्रीजमधल्या सगळ्यात उबदार जागी. दार उघडलं की पहिला फटका तिलाच. वर आपण काय करतो, तळाशी लिटरभर पाणी उरलं की त्यावर दोन लिटर ताजं ओततो. उरलेलं 5 अंशांवर आणि ओतलेलं 30 अंशांवर असेल, तर मिश्रण जवळपास 22 अंशांवर जातं. एका मिनिटात रात्रभराची मेहनत पाण्यात. टाकी रात्री झोपताना भरावी, आणि दिवसा भर घालायचीच तर आतल्या बाटलीतल्या गार पाण्याची घालावी.

अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्यांच्या घरी थेट नळाला जोडलेले फ्रीज असतात. त्यात पाणी फिल्टरमधून येऊन भाजीच्या ट्रेमागे दडवलेल्या साठ्यात थांबतं. हा साठा बहुतेकदा लिटरभराच्या आसपासच असतो. तो संपला की आत येणारं पाणी नळाच्याच तापमानाचं. काही फ्रीजमध्ये साध्या टाकीऐवजी लांबलचक नळीचं वेटोळं असतं, आणि मला ही युक्ती फार आवडते. टाकीत नवं पाणी जुन्यात मिसळतं, त्यामुळे प्रत्येक पेला आधीच्यापेक्षा थोडा कोमट. नळीत नवं पाणी जुन्याला फक्त पुढे ढकलतं. साठा तेवढाच, पण संपेपर्यंत गारच येतो. पहिला घोट मात्र कधीकधी कोमट लागतो, कारण दारातल्या नळीत मघाचं पाणी थांबलेलं असतं.

मग ही नळी थेट थंड यंत्रालाच का गुंडाळत नाहीत? कचेरीतल्या वॉटर कूलरमध्ये नेमकं तेच असतं: पाण्याच्या टाकीला तांब्याच्या नळीचे वेढे, मध्ये हवा नाही. म्हणून तो रांग लागली तरी टिकतो. पण घरच्या फ्रीजच्या यंत्राला बर्फही करायचा असतो, त्यामुळे ते शून्याच्या बरंच खाली असतं. पाण्याची नळी त्याला लावली तर गोठेल, आणि गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. फ्रीझरच्या दारात नळ असलेल्या फ्रीजमध्ये ही डोकेदुखी खरोखर होते. उणे 18 अंशांच्या शेजारून जाणारी बारीक नळी बर्फाने बंद होते आणि नळ अचानक कोरडा पडतो.

घाई असेल तर बर्फ. एक किलो बर्फ नुसता वितळायलाच 334 किलोज्यूल खातो. 200 मिलिलिटर पाणी 30 अंशांवर असेल आणि त्यात 50 ग्रॅम बर्फ वितळला तर पाणी 8 अंशांवर येतं, तेही काही मिनिटांत.

शेवटी पेल्याचंही बघावं लागतं. पातळ स्टीलचा शंभर ग्रॅमचा पेला 200 मिलिलिटर गार पाण्याला दीड अंश तापवतो; दोनशे ग्रॅमचा जाड काचेचा ग्लास चार अंशांहून जास्त. कोकणात किंवा मुंबईत पेल्याला बाहेरून जे थेंब धरतात, तेही फुकटचे नसतात. हवेतली वाफ द्रवरूप होताना उष्णता सोडते, आणि अशा एक ग्रॅम थेंबांची सगळी उष्णता आत गेली तर पाणी जवळपास तीन अंशांनी तापतं. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात हा तोटा फारसा होत नाही, आणि तिथे माठही उत्तम चालतो.