पॅसिव्हेशन (जावा वेब ॲप्लिकेशन)

वापरकर्त्याच्या सेशनमधले (म्हणजे त्याच्या भेटीपुरती सर्व्हरने जपलेल्या माहितीतले) ऑब्जेक्ट मेमरीतून काढून बाइट्सच्या रूपात डिस्कवर ठेवणे म्हणजे पॅसिव्हेशन. क्लस्टरमधल्या (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटातल्या) दुसऱ्या सर्व्हरकडे सेशन पाठवतानाही हेच घडते. ऑब्जेक्टचे असे बाइट्स करणे, म्हणजे सिरियलायझेशन, जावात १.१ या आवृत्तीपासून (१९९७) आहे. डिपेंडन्सी इंजेक्शनला, म्हणजे ऑब्जेक्टला लागणारी इतर ऑब्जेक्ट बाहेरून पुरवण्याला, जावा ईई ६ मधल्या सीडीआय या स्पेसिफिकेशनने (२००९) प्रमाणरूप दिले. पॅसिव्हेशनमध्ये या दोघांची गाठ पडते, आणि बहुतेक भानगडी तिथेच होतात.

सेशनस्कोप्ड ‘कार्ट’ बीन घ्या, म्हणजे कंटेनरने (ॲप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हरच्या भागाने) सांभाळलेले आणि सेशनइतकेच जगणारे ऑब्जेक्ट. तिच्यात वस्तूंची यादी आहे, शिवाय किंमत काढणारी सर्व्हिस आणि लॉगर (नोंदी लिहिणारे ऑब्जेक्ट) इंजेक्ट केलेले आहेत. सर्व्हिस ॲप्लिकेशनस्कोप्ड (सगळ्या ॲप्लिकेशनसाठी एकच) असल्याने फील्डमध्ये खरे ऑब्जेक्ट नसतेच, त्याच्या जागी उभी राहून कॉल पुढे पाठवणारी प्रॉक्सी असते. बाइट्समध्ये प्रॉक्सीच जाते आणि पलीकडे पोचल्यावर तिथल्या सर्व्हरची सर्व्हिस शोधून काढते. सीडीआयमधली ही सर्वांत हुशार सोय म्हणावी लागेल. लॉगरचे मात्र तसे नाही. प्रोड्यूसरने (ऑब्जेक्ट बनवून देणाऱ्या मेथडने) दिलेला लॉगर सहसा डिपेंडंट स्कोपचा, म्हणजे प्रॉक्सीविना येतो. जावाचा स्वतःचा लॉगर तर सिरियलायझेबलही नाही. अशी बीन कंटेनर डिप्लॉयमेंटच्या (ॲप्लिकेशन सर्व्हरवर चढवण्याच्या) वेळी किंवा ती तयार करताना नाकारतो.

मग घाईत फील्डला ‘ट्रान्झियंट’ (सिरियलायझेशनमधून वगळा) लावले जाते. डिप्लॉयमेंट निमूट पार पडते. पण परत आलेल्या बीनमध्ये इंजेक्शन पुन्हा होत नाही, फील्ड नल (रिकामे) राहते आणि पुढच्याच कॉलला नलपॉइंटरएक्सेप्शन. लॉगर स्टॅटिक ठेवणे किंवा ‘इन्स्टन्स’ (हवे ते ऑब्जेक्ट मागून देणारा सीडीआयचा प्रकार) इंजेक्ट करून लागेल तेव्हा मागून घेणे, हे खरे उपाय.

यादीतली ‘वस्तू’ सिरियलायझेबल आहे की नाही, हे कंटेनर आधी तपासत नाही. डेव्हलपरच्या मशिनवर एकच सर्व्हर, त्यामुळे तिथे सगळे आलबेल. नॉटसिरियलायझेबलएक्सेप्शन उगवते ते प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापराच्या सर्व्हरांवर. स्प्रिंग या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कमध्ये तर सुरुवातीची तपासणीही नाही: एओपी (प्रॉक्सीमार्फत जादा वर्तन जोडण्याची सोय) लागू नसेल तर सिंगलटन बीन (सगळ्यांसाठी एकच) थेट फील्डमध्ये येऊन बसते.

क्लास बदलला आणि सिरियल व्हर्जन यूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा ओळखक्रमांक) ठरवून दिलेला नसेल, तर जुनी सेशन्स इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन देऊन वाया जातात.

परक्या बाइट्स डीसिरियलाइझ करण्यातला (त्यांपासून पुन्हा ऑब्जेक्ट बनवण्यातला) धोका २०१५ मध्ये अपाचे कॉमन्स कलेक्शन्स या जावा लायब्ररीच्या निमित्ताने गाजला. जेडीके ९ मध्ये (२०१७) त्यासाठी फिल्टर आले. आता काही ठिकाणी सेशन रेडिस या डेटा स्टोअरमध्ये जेसन (साधे मजकुराचे स्वरूप) म्हणून ठेवतात. तिथे प्रॉक्सीची करामत चालत नाही, त्यामुळे सेशनमध्ये निव्वळ डेटाच ठेवावा लागतो.